आठवण आणि आधार : एका दिवंगत सहकाऱ्याच्या मुलांसाठी उभारलेल्या मदतीचे प्रकरण

प्रकरणाविषयी

मोजमापाची उपकरणे तपासून त्यांच्या अचूकतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या एका मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेत हे प्रकरण घडले. तेथील एक ज्येष्ठ तंत्रज्ञ नोकरीत असतानाच अचानक वारले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील पाच वर्षे त्यांच्या दोन मुलांना आधार देण्याचे काम केले. संस्थेचे नाव, ठिकाण आणि प्रत्यक्ष रकमा येथे दिलेल्या नाहीत, तसेच ओळख पटू शकेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्या सहकाऱ्यांपैकी नाही. तिसऱ्या वर्षी निधीचे हिशेब तपासण्यासाठी मला बोलावले गेले, तेव्हा बैठकींची इतिवृत्ते वाचायला मिळाली, आणि पुढे मुलांच्या आईशी व मोठ्या मुलीशी सविस्तर बोलता आले. प्रस्तुत मजकूर त्या दोघींनी आधी वाचला असून त्यांच्या सांगण्यावरून काही भाग गाळला आहे.

पार्श्वभूमी

दिवंगत सहकारी या प्रयोगशाळेत सुमारे दोन दशके होते. तापमान आणि दाब मोजणाऱ्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनची जबाबदारी त्यांच्याकडे होती. अधिकृत नोंदी संगणकावर ठेवल्या जात असत, तरी ते स्वतःच्या वह्यांमध्ये प्रत्येक उपकरणाच्या खोडी लिहून ठेवत : कोणते उपकरण गरम व्हायला वेळ घेते, कोणत्याचा काटा उतरताना आणि चढताना वेगळे आकडे दाखवतो, कोणत्या ग्राहकाचे उपकरण दर वर्षी त्याच दिशेने सरकते. नव्याने रुजू झालेल्या बहुतेकांना त्यांनीच हाताला धरून काम शिकवले होते. त्यांच्या मागे पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा होता. पत्नीने मुलाच्या जन्मानंतर नोकरी सोडली होती, त्यामुळे घरात दुसरे उत्पन्न नव्हते, आणि घराच्या कर्जाचे बरेच हप्ते फेडायचे राहिले होते.

पहिल्या काही दिवसांत जे घडले ते कोणत्याही चांगल्या कार्यालयात घडेल तसेच होते. लोक घरी गेले, रात्री थांबले, धावपळ केली. आठवड्याच्या आत वर्गणी सुरू झाली आणि पंधरवड्यात त्यांच्या साधारण आठ महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम जमली. शोकसभेत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने भावनेच्या भरात जाहीर केले की, ही दोन्ही मुले आता आपल्या सर्वांची आहेत आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी प्रयोगशाळेतील प्रत्येक जण उचलेल. जमलेल्या रकमेचा आकडाही त्याच सभेत सांगण्यात आला.

या दोन वाक्यांचे परिणाम पुढे कित्येक महिने निस्तरावे लागले. आकडा जाहीर झाल्यामुळे तो नातेवाइकांपर्यंत पोहोचला आणि उसने दिलेल्या पैशांची आठवण काही जणांना त्याच सुमारास झाली. ‘आपल्या सर्वांची मुले’ हे ऐकून सभेत अनेकांचे डोळे पाणावले, पण मुलांच्या आईने मला नंतर सांगितले की, त्या क्षणी आपल्या हातून काहीतरी काढून घेतले जात आहे असे तिला वाटले होते.

समस्या

वरवर पाहता प्रश्न पैशांचा होता. इतिवृत्ते वाचल्यावर मात्र असे दिसते की, गटाचा बराचसा गोंधळ एकाच कारणाने झाला. दिवंगत सहकाऱ्याची आठवण जपणे आणि त्याच्या मुलांना आधार देणे ही दोन कामे त्यांनी सुरुवातीला एकच समजली होती. ज्याला स्मरण हवे आहे तो शोक करणारा सहकारी असतो आणि ज्याला आधार हवा आहे ते मूल असते, आणि या दोघांच्या गरजा क्वचितच सारख्या असतात. दोन्ही हिशेब एकत्र झाले की मुलांकडून नकळत एक काम अपेक्षिले जाते, ते म्हणजे वडिलांचे चालतेबोलते स्मारक होण्याचे. मुलाने वडिलांसारखे हसावे, मुलीने वडिलांसारखे शिकावे, दोघांनी कार्यक्रमाला यावे आणि मदतीचे चीज झाल्याचे दिसावे, असे कोणी उघडपणे म्हणत नाही. तरीही ही अपेक्षा प्रत्येक निर्णयात डोकावते.

दुसरी अडचण काळाची होती. सहकाऱ्यांचा उत्साह पहिल्या महिन्यांत सर्वाधिक होता, तर मुलांची आर्थिक गरज पुढे वाढत जाणार होती. मुलगी तीन-चार वर्षांत उच्च शिक्षणाच्या उंबरठ्यावर येणार होती आणि मुलगा जवळपास बारा वर्षांनी. शोकाचे वेळापत्रकही असेच असते. बॉस्टन परिसरात जे. विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी केलेल्या अभ्यासात आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतील ६ ते १७ वयोगटातील १२५ मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला होता. त्यात आई-वडील हयात असलेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांमधील फरक पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अधिक ठळक दिसला. म्हणजे ज्या सुमारास भोवतालच्या लोकांना ‘आता मुले सावरली’ असे वाटू लागते, त्याच सुमारास काही मुलांच्या अडचणी वर येतात. गटातील एका सहकाऱ्याने ही माहिती पुढे बैठकीत मांडली आणि तिचा उपयोग झाला.

पैसे कोणाच्या नावावर ठेवावेत

जमलेली रक्कम ठेवण्याचे चार पर्याय चर्चेत होते. पहिला, सगळी रक्कम आईच्या हाती देऊन गटाने बाजूला व्हायचे. हा सर्वांत सोपा आणि, काही सदस्यांच्या मते, सर्वांत सन्मानाचा मार्ग होता. त्याविरुद्ध मुद्दा असा होता की, कर्जाचे हप्ते थकू लागले होते, नातेवाईक मागणी करत होते, आणि शोकाच्या पहिल्या महिन्यांत कोणालाही एवढी मोठी रक्कम हाताळायला लावणे कठीणच असते. दुसरा पर्याय दोन्ही मुलांच्या नावे समान रकमेच्या दीर्घ मुदतीच्या ठेवी करण्याचा होता. यात पैसा सुरक्षित राहिला असता, पण मुलगी सज्ञान होण्याआधी तिच्या शिकवणीसाठी किंवा आजारपणासाठी तो सहज काढता आला नसता, आणि सज्ञान झाल्यावर ती रक्कम कशासाठी वापरायची हे पूर्णपणे त्या वयाच्या व्यक्तीवर अवलंबून राहिले असते. तिसरा पर्याय स्वतंत्र न्यास नोंदवण्याचा होता. रकमेचा आकार पाहता नोंदणी, वार्षिक विवरणपत्रे आणि लेखापरीक्षण यांचा खर्च परवडणारा नव्हता. चौथा पर्याय प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांच्या आधीपासून नोंदणी असलेल्या कल्याण मंडळात वेगळे खाते ठेवण्याचा होता.

गटाने चौथा पर्याय निवडला, पण त्यात आईने सुचवलेली एक दुरुस्ती स्वीकारली. दर महिन्याला एक ठरावीक रक्कम तिच्या खात्यात आपोआप जमा होईल, तिचा हिशेब कोणी विचारणार नाही आणि ती मागावीही लागणार नाही. उरलेली रक्कम शिक्षण आणि आरोग्य यांसाठी मंडळाकडे राहील आणि मोठ्या खर्चाला तिची लेखी संमती लागेल. या संपूर्ण प्रकरणातला हा मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. दर वेळी अर्ज करून, पावत्या जोडून मदत घ्यावी लागली की घेणारा हळूहळू मागणे बंद करतो, आणि देणारे समजतात की आता गरज उरली नाही.

समान वाटणीचा मुद्दा मात्र बराच काळ अडकून पडला. अर्धे अर्धे करणे न्याय्य वाटत होते, पण दोन मुलांच्या गरजा वेगवेगळ्या अंतरावर होत्या. शिक्षणाचा खर्च दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असे गृहीत धरले, तर ७२ ला ८ ने भागण्याच्या प्रचलित आडाख्यानुसार तो सुमारे ९ वर्षांत दुप्पट होतो. मुलीचे पैसे तीन-चार वर्षांत लागणार असल्याने ते जोखमीत ठेवणे चुकीचे ठरले असते. मुलाचे पैसे बारा वर्षे नुसत्या बचत खात्यात पडून राहिले असते तर त्यांची किंमत घटली असती. शेवटी वाटणी न करता एकच साठा ठेवायचा, जवळच्या खर्चाची रक्कम मुदत ठेवीत आणि दूरच्या खर्चाची रक्कम दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत ठेवायची, असे ठरले. त्याचबरोबर खर्चाचा अग्रक्रम लिहून ठेवण्यात आला : आधी आरोग्य, मग शालेय शिक्षण, मग उच्च शिक्षण.

नामनिर्देशनाचा अर्ज

वर्गणीच्या रकमेवर इतकी चर्चा सुरू असताना तिच्यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम कार्यालयाच्याच एका कपाटात अडकून होती. गटविमा आणि नोकरीतील अन्य देणी मिळवण्यासाठी कागद काढले तेव्हा लक्षात आले की, रुजू होताना, म्हणजे लग्नाआधी, भरलेल्या नामनिर्देशनाच्या अर्जात दिवंगत सहकाऱ्याने स्वतःच्या आईचे नाव घातले होते आणि नंतर ते बदललेच नव्हते. नामनिर्देशित व्यक्ती त्या पैशांची मालक होते की वारसांच्या वतीने केवळ ते स्वीकारते, हे ठिकठिकाणच्या कायद्यानुसार आणि देण्याच्या प्रकारानुसार बदलते. त्यामुळे येथे कायदेशीर सल्ला घेणे अपरिहार्य होते.

त्याहून नाजूक प्रश्न सासू आणि सून यांच्यातील विश्वासाचा होता. मुलगा गमावलेल्या वृद्ध आईपुढे कागद ठेवून सही मागणे हे कार्यालयातील कोणालाच जमेना. अखेर मनुष्यबळ विभागातील एका अनुभवी बाईंनी दोघींना एकत्र बसवून सर्व रकमांची यादी वाचून दाखवली, आजीच्या औषधपाण्यासाठी काही भाग राखून ठेवण्याचा प्रस्ताव मांडला आणि निर्णयासाठी पुरेसा वेळ दिला. आजीने उरलेली रक्कम सुनेकडे व नातवंडांकडे देण्यास संमती दिली. त्यातून घराचे कर्ज बरेचसे फिटले. आजीचा वाटा आधीच वेगळा काढला नसता तर हे इतक्या सलोख्याने झाले असते असे मला वाटत नाही, कारण दिवंगत व्यक्तीच्या मुलांचा विचार करताना त्याच्या आईचा विसर पडणे फार सोपे असते.

या अनुभवानंतर प्रयोगशाळेतील सर्वांनी आपापले अर्ज तपासले. अनेकांच्या अर्जांत लग्नाआधीची किंवा आता हयात नसलेल्या व्यक्तींची नावे निघाली. तेव्हापासून वार्षिक वेतनवाढीच्या वेळी प्रत्येकाला आपले नामनिर्देशन पाहून सही करावी लागते.

सहा वर्षांच्या मुलाला काय सांगावे

सहकारी घरी जात तेव्हा धाकट्या मुलाला ‘बाबा लांब गेले आहेत’, ‘बाबा वरून तुला बघतात’ असे सांगत. हेतू चांगलाच होता. काही आठवड्यांनी मुलाने बाबांच्या कामाची पिशवी भरून दाराशी आणून ठेवायला सुरुवात केली आणि कोणी कार्यालयातून आले की ते बाबांना परत कधी आणणार, असे तो विचारू लागला. त्याची आई यावर काय बोलावे हे न कळून गप्प राहत असे.

मुलांना मृत्यू कसा समजतो याचा अभ्यास जुना आहे. मारिया नागी यांनी बुडापेस्ट परिसरातील ३७८ मुलांवर केलेला आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, अगदी लहान मुले मृत्यूला प्रवास किंवा झोप समजतात, म्हणजेच परत फिरता येण्याजोगी अवस्था समजतात. नंतरच्या संशोधनातून असे दिसले की, मृत्यूनंतर परत येता येत नाही, शरीराच्या सर्व क्रिया थांबतात आणि हे सर्वांच्याच वाट्याला येते, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमजू लागतात. हा मुलगा नेमका त्याच उंबरठ्यावर होता. जे त्याला कळू लागले होते तेच मोठ्यांच्या गोड शब्दांमुळे पुन्हा धूसर होत होते.

एका बालमानसतज्ज्ञाच्या सल्ल्याने आईने त्याला साध्या शब्दांत सांगितले की, बाबांचे हृदय बंद पडले, शरीर चालेनासे झाले आणि ते परत येऊ शकत नाहीत. त्यात कोणाची चूक नव्हती, त्याचीही नव्हती, हेही तिने सांगितले. हे शेवटचे वाक्य मोठ्यांना अनावश्यक वाटते, पण या वयाची मुले आपल्या एखाद्या रुसव्याचा किंवा हट्टाचा संबंध मृत्यूशी जोडू शकतात. सहकाऱ्यांनाही कळवण्यात आले की घरी सगळ्यांनी हेच शब्द वापरावेत. काहींना हे क्रूर वाटले आणि एक-दोघांनी येणेच थांबवले. मुलाने बाबांच्या बसण्याची जागा पाहायची इच्छा व्यक्त केली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्याला प्रयोगशाळा दाखवण्यात आली. त्याने तेथे तापमापकाचे आकडे बराच वेळ पाहिले आणि मग खेळायला जायचे आहे असे सांगितले. सोबतच्या सहकाऱ्याला तो मुलगा इतक्या लवकर निघाल्याचे आश्चर्य वाटले. शोकाकडे थोडे वळणे आणि मग नित्याच्या जगण्याकडे परतणे, अशी येजा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताच्या मध्यभागी आहे. तो मुख्यतः जोडीदार गमावलेल्या प्रौढांसाठी मांडला गेला होता, पण मुलांमध्ये ही येजा कितीतरी उघडपणे दिसते.

आईच्या अभ्यासक्रमाचा खर्च

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आईने निधीतून स्वतःच्या लेखाशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे शुल्क देता येईल का, असे विचारले. बैठकीत यावर सरळ दोन तट पडले. पैसे मुलांच्या नावाने गोळा केले होते. देणाऱ्यांनी ते मुलांसाठी दिले होते. उद्या कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे, असा एका बाजूचा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता, कारण ज्या कारणासाठी पैसे मागितले त्याच कारणासाठी ते वापरणे ही विश्वासाची पहिली अट असते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, मुलांच्या भल्यासाठी आईला कमावते करण्याइतका परिणामकारक खर्च दुसरा नाही. वर उल्लेखिलेल्या बॉस्टनच्या अभ्यासात मुले कितपत सावरतात याचा सर्वांत बळकट संबंध मागे राहिलेल्या पालकाच्या स्वतःच्या स्थैर्याशी आढळला होता. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात आयर्विन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालक गमावलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी जो कार्यक्रम आखला, त्यातही मुलांच्या बरोबरीने मागे राहिलेल्या पालकांसाठी स्वतंत्र सत्रे होती आणि त्या कार्यक्रमाचे परिणाम पुढे अनेक वर्षे तपासण्यात आले. मुलाला सांभाळणारा माणूस उभा राहिला तर मुलाला उभे करण्यासाठी बाहेरच्यांना फारसे काही करावे लागत नाही.

गटाने मधला मार्ग काढला. सर्व देणगीदारांना पत्र पाठवून हा खर्च का करायचा आहे ते सांगितले आणि ज्यांची हरकत असेल त्यांनी ठरलेल्या मुदतीत कळवावे, त्यांचा वाटा मुलांच्या शिक्षणासाठीच राखला जाईल, असे लिहिले. हरकत घेणारे थोडेच निघाले. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर आईला एका लहान व्यवसायात हिशेबनीसाचे काम मिळाले. हिशेब तपासताना मला स्पष्ट दिसले की, निधी पाचव्या वर्षापर्यंत टिकण्याचे मुख्य कारण हा एकच खर्च होता, कारण त्यानंतर तिने मासिक रक्कम आधी निम्मी करायला सांगितली आणि पुढे बंदच केली.

स्मरणाचे स्वरूप

पहिल्या स्मृतिदिनासाठी व्यवस्थापनाने त्यांच्या नावे पारितोषिक सुरू करण्याचे ठरवले होते आणि पहिले पारितोषिक त्यांच्याच मुलीला व्यासपीठावर द्यायची कल्पना होती. कार्यक्रमाची पत्रिका छापायला जाण्याआधी आईला विचारण्यात आले, हे बरेच झाले. तिने मुलीला विचारले आणि मुलीने एका वाक्यात उत्तर दिले, “माझे बाबा गेले म्हणून मला टाळ्या नकोत.”

या उत्तरानंतर गटाने स्मरण आणि आधार यांसाठी दोन वेगळे चमू नेमले आणि एकातील व्यक्ती दुसऱ्यात राहणार नाही असे ठरवले. तोवर बैठकींत भावनेने घेतलेले निर्णय पुढच्या बैठकीत हिशेबाने मागे घ्यावे लागत होते. वेगळे चमू झाल्यावर दोन्ही कामांना आपापली लय सापडली.

स्मरणाच्या चमूने पारितोषिकाचा विचार सोडून दिला आणि दोन कामे हाती घेतली. पहिले काम दिवंगत सहकाऱ्याच्या वह्यांचे होते. उपकरणांविषयीच्या त्यांच्या नोंदी व्यवस्थित लावून, जुन्या झालेल्या बाबी वगळून, त्यांची एक मार्गदर्शिका तयार झाली आणि ती आज नव्या तंत्रज्ञांना पहिल्या आठवड्यात वाचायला दिली जाते. दुसरे काम मुलांसाठी आठवणी लिहून ठेवण्याचे होते. मुलांना वडील घरात माहीत होते, पण दिवसाचा मोठा भाग ते जिथे घालवत तिथले वडील त्यांना ठाऊक नव्हते. यासाठी सहकाऱ्यांना एक सूचना लेखी देण्यात आली होती : गुणवर्णन लिहू नये, एक घडलेला प्रसंग लिहावा. सुरुवातीला आलेले लेख ‘ते अत्यंत मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष होते’ अशा वाक्यांनी भरलेले होते, आणि ते परत पाठवण्याचे धैर्य संपादन करणाऱ्या सहकाऱ्याने दाखवले. मग त्यांचा राग कसा असे, ते कोणत्या गोष्टीवर अडून बसत, चुकीचे प्रमाणपत्र गेल्याचे कळल्यावर त्यांनी ग्राहकाला स्वतः दूरध्वनी करून कसे सांगितले, अशा गोष्टी पुढे आल्या.

गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडूनच शोक संपतो, ही समजूत एकेकाळी प्रबळ होती. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी मांडले की, अनेकांच्या बाबतीत हे नाते बदललेल्या रूपात चालू राहते आणि त्यात वावगे काही नाही. मुलाच्या बाबतीत तर हे नाते त्याच्या वयाबरोबर नव्याने घडत जाते, कारण सहाव्या वर्षी पडणारे प्रश्न सोळाव्या वर्षी पडणाऱ्या प्रश्नांसारखे नसतात. म्हणूनच आठवणींची ही वही कार्यक्रमात वाचून दाखवायची नाही, मुलांना हवी तेव्हा ती त्यांच्या हाती द्यायची, असे आईने ठरवले. मुलीने ती दोन वर्षे उघडली नव्हती, असे तिने मला सांगितले. तिला त्याविषयी कोणी विचारलेही नव्हते, आणि ते तिला बरे वाटले होते.

मुलीने निवडलेली शाखा

चौथ्या वर्षी मुलीने भाषाशास्त्र शिकायचे ठरवले आणि काही देणगीदार नाराज झाले. वडिलांची इच्छा तिने अभियंता व्हावे अशी होती, असे दोघांनी बैठकीत सांगितले. एकाने मदतीला गुणांची अट घालावी अशी सूचनाही केली. वरकरणी ही काळजी होती, पण या सूचनांच्या तळाशी वर वर्णन केलेलीच अपेक्षा होती : मुलीच्या रूपाने वडील पुढे चालू राहावेत.

गेलेल्या माणसाच्या इच्छेचा दाखला फार जड असतो, कारण त्या इच्छेला उत्तर देता येत नाही आणि तो माणूस मत बदलायला हयात नसतो. आधाराच्या चमूने यावर नियमच लिहिला की, दिवंगत सहकाऱ्याची इच्छा हे कारण कोणत्याही निर्णयासाठी ग्राह्य धरले जाणार नाही. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाला की शुल्क दिले जाईल, शाखा कोणतीही असो आणि गुण कितीही असोत. सुरुवातीच्या वर्गणीशिवाय काही जण दरमहाही वर्गणी देत असत, त्यांपैकी एका देणगीदाराने ती थांबवली. ती पुन्हा सुरू करावी म्हणून कोणी त्याची मनधरणी केली नाही, हेही मला योग्यच वाटते.

पाच वर्षांनंतर

मुलगी आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या शाळेचा खर्च आई स्वतः भागवते. मासिक वर्गणी देणाऱ्यांपैकी साधारण निम्मे टिकले आहेत. बाकीचे बदली, निवृत्ती किंवा विस्मरण यांमुळे गळाले. शोकसभेत सर्वांत मोठे आश्वासन देणारे अधिकारी दुसऱ्या संस्थेत गेले. प्रत्यक्षात मुलांशी सातत्याने संपर्क राहिला तो तीनच सहकाऱ्यांचा, आणि त्यांपैकी एकजण सभेत काही बोललाही नव्हता. तो दर पंधरा दिवसांनी मुलाला पोहायला नेतो. निधीच्या हिशेबात या गोष्टीची नोंद कोठेही नाही.

आईच्या मते घरी येणाऱ्यांचा दुसऱ्या वर्षी पडलेला खंड सर्वांत अवघड गेला. पहिल्या वर्षी “वहिनी, काही लागले तर सांगा” असे म्हणणारे पुष्कळ होते. दुसऱ्या वर्षी सांगावे असे वाटले तेव्हा नेमके कोणाला सांगायचे हे तिला कळत नव्हते.

काय वेगळे करता आले असते

जमलेल्या रकमेचा आकडा सभेत सांगण्याची गरज नव्हती. तो देणगीदारांना आणि कुटुंबाला स्वतंत्रपणे कळवता आला असता. वर्गणी गोळा करण्याआधी नोकरीतील देण्यांची यादी करणे अधिक उपयोगी ठरले असते, कारण कुटुंबाची खरी तूट किती आणि केव्हा आहे ते त्यातून कळते, आणि मग एकरकमी मदत हवी की मासिक हे ठरवता येते.

आईला पहिल्याच बैठकीपासून निर्णयात सामील करून घ्यायला हवे होते. तिला त्रास नको म्हणून तिला वगळण्यात आले, असे इतिवृत्तात लिहिले आहे. शोकात असलेल्या माणसाला निर्णयांचा भार नको असतो हे खरे, पण आपल्या मुलांविषयी इतर लोक परस्पर ठरवत आहेत, हा भार त्याहून मोठा असतो. संमतीसाठी दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती.

मासिक वर्गणीसाठी सुरुवातीलाच मुदत ठरवली असती, उदाहरणार्थ तीन वर्षे, आणि त्यानंतर प्रत्येकाला नव्याने विचारले असते, तर लोक गुपचूप गळाले नसते. मुदत संपल्यावर थांबणाऱ्याला अपराधी वाटत नाही आणि तो मुलांना भेटायचे टाळत नाही. या प्रकरणात वर्गणी थांबवलेल्यांपैकी बहुतेकांनी भेटीही थांबवल्या. पैशांपेक्षा हे नुकसान मोठे होते.

पुढचा प्रश्न

मुलगा उच्च शिक्षणाच्या वयाला येईल तेव्हा त्याच्या वडिलांना प्रत्यक्ष ओळखणारे फारसे कोणी प्रयोगशाळेत उरलेले नसेल. निधीतील दीर्घ मुदतीचा भाग शाबूत आहे, पण कल्याण मंडळावर निवडून येणाऱ्या नव्या सदस्यांना त्यावर निर्णय घ्यावा लागेल, आणि मंडळाच्या नियमांनुसार न वापरलेला निधी सर्वसाधारण खात्यात वर्ग करता येतो. मी तपासणीच्या अहवालात सुचवले होते की, ही रक्कम मुलाच्या शिक्षणासाठीच राखलेली असल्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा, त्यात मुलगा बावीस वर्षांचा होईपर्यंतची मुदत घालावी आणि त्यानंतर उरलेल्या रकमेचे काय करायचे हे आई व दोन्ही मुले यांना ठरवू द्यावे. ठरावाचा मसुदा तयार झाला असून तो येत्या वार्षिक सभेपुढे ठेवला जाणार आहे.